चौदा घरं, तीन फोन

आमच्या गावात ख्रिस्ती घरं चौदाच. अचलपूर तालुक्यातलं गाव. चर्च म्हणजे टिनाच्या छपराची लांबट खोली. फादर महिन्यातून दोनदा मोटारसायकलवर येत, तेव्हा मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना. बाकीचे रविवार आमचे आम्हीच. म्हणून २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा मला वाटलं, आपल्याला सवय आहेच.

पण ५ एप्रिलला ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आला आणि घशाला कोरड पडली. दिरानं नाल्यावरून शिंदीची पानं आणून प्रत्येक ओट्यावर ठेवली. फादरांशिवाय त्यांना आशीर्वाद कोण देणार? तशीच दाराला खोचली.

फादरांनी यूट्यूबवर मिस्सा सुरू केली होती. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, आणि तिथं चार माणसं दिसली की पोलीस पाटील हाकलायचे. मी एकदा पाहिली, ओट्यावर चहा पीत. खोटं कशाला बोलू, मिस्सा पाहिल्यासारखी वाटलीच नाही.

मग साधा कॉल. एका फोनवरून पाच जण जोडता येतात. आमच्या घरात फोन तीन, म्हणजे बाकीची तेरा घरं बसतात. संध्याकाळी सातला तिन्ही फोन स्पीकरवर टाकून पाटावर मांडायचे. जवळ आले की शिट्टी मारत, म्हणून मध्ये उशा. पहिल्या दिवशी सगळेच एकदम जपमाळ म्हणायला लागले. एकाचं आमेन दुसऱ्याच्या सुरुवातीत. कुकर, बकऱ्या, कुणाचं तरी भांडण, सगळं त्यात. शेवटी ठरलं: एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी मनात. शेजारची आजी कीपॅडचा फोन माइकसारखा तोंडाशी धरायची, त्यामुळे तिला काहीच ऐकू येत नसे आणि आम्हाला तिचा श्वाससुद्धा ऐकू येई.

१० एप्रिल, गुड फ्रायडे. येशू क्रूस घेऊन गेला त्या वाटेची प्रार्थना असते; तिची स्थानं चौदा, घरं चौदा. हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. घरांच्या ओळीनं एकेक स्थान वाटून दिलं. दुपारी तीनला बाहेर नुसता जाळ. चौथं स्थान, येशूला आई भेटते ते, ओळीनं ज्या घरी गेलं त्यांचा मुलगा तेव्हा पुण्यात अडकलेला. त्या घरची आई दोन शब्द वाचून थांबली. कुणीच "हॅलो" म्हटलं नाही. कितीतरी वेळ पंख्याचा आवाज येत राहिला, मग तिच्या नवऱ्यानं पुढचं वाचलं.

पावसाळ्यात एक माती झाली. वीसच माणसांना परवानगी, म्हणून घरातले सोडून बाकीचे फोनवर.

१६ नोव्हेंबरला प्रार्थनास्थळं उघडली आणि २२ ला, ख्रिस्तराजाच्या सणाला, फादर आले. कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, तेव्हा हातावरच. आजीनं जन्मभराच्या सवयीनं तोंड उघडलं. फादर थांबले. "हात, आजी." तिनं पदराला तळवे पुसले, उलटसुलट करून पाहिले, मग पुढे केले.

१७ फेब्रुवारी २०२१, राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस. राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांचीच करतात, त्यामुळे दारांवरची ती आशीर्वादाविना राहिलेली पानं जाळली. त्या वर्षी कपाळावर राखेचा क्रूस नाही, राख डोक्यावर भुरभुरली.

पाच दिवसांनी, २२ तारखेला, अमरावती आणि अचलपूर शहरं पुन्हा बंद. फादरांचा निरोप आला, येता येणार नाही. त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. सातला दोन मिनिटं कमी असतील, फोन वाजला.

"पोरी, आज जोडत नाही का वं?"