मालकाच्या दोन वह्या

भांडुपला एलबीएस मार्गालगतच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा छापखाना आहे. औषधांची आणि अगरबत्तीची खोकी, म्हणजे छपाई, पंचिंग, पेस्टिंग. अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, गिरगावात लग्नपत्रिका छापण्यापासून सुरुवात केली आणि धंदा इथवर आणला. पुढे त्यांचे गुडघे गेले. नवऱ्याची बँकेतली नोकरी, दिराचं भागीदारीत नाव असलं तरी गाळ्यात पाऊल नाही, त्यामुळे किल्ल्या माझ्याकडे आल्या. धंदा तोट्यात नव्हता. पण माणसं टिकत नव्हती, माल परत येत होता आणि तो का परत येतो हे मला कुणी सांगत नव्हतं.

अण्णांवर कामगारांचा जीव होता. मुलीचं लग्न असो, गावचं घर असो, अण्णा खिशात हात घालून उचल द्यायचे. पगार मात्र ‘पार्टीचा चेक आला की’. माणूस मायाळू, पण महिनाअखेरीला वाण्याला काय सांगायचं हे कामगारांना कधीच ठाऊक नसायचं. सात तारखेच्या आत पगार, हा आपल्याकडे 1936 पासूनचा कायदा. मी पहिलं काम तेच केलं. त्यासाठी बँकेतली ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवून घेतली, व्याज सोसलं. उचल आजारपण आणि शाळेच्या फीपुरतीच ठेवली, तेव्हा ‘वहिनी कडक आहे’ असं बोलणं झालं. होऊ दिलं.

खरा प्रश्न पुढे आला. मी कोणत्या कामाचा दर काय, कागद कितीचा, वीज किती, हे एका कागदावर मांडून टाइम ऑफिसच्या खिडकीशी लावलं. मला वाटलं होतं, लोक वाचतील, विचारतील. कुणी ढुंकून पाहिलं नाही. चार-पाच दिवसांनी फोरमनकाका चहाचा ग्लास ठेवता ठेवता म्हणाले, "वहिनी, मालकाच्या वह्या दोन असतात. एक भिंतीवर लावायची, एक कपाटात ठेवायची."

त्यांचे वडील परळच्या एका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. ‘गिरणी तोट्यात आहे’ हे वाक्य काकांनी लहानपणापासून ऐकलं आणि त्याच जमिनींवर टॉवर आणि मॉल चढताना लोकलच्या दारातून पाहिले. अशा माणसाला मी भिंतीवरचा कागद दाखवून ‘विश्वास ठेवा’ म्हणणार! नेतृत्वावरच्या भाषणांत हे कुणी सांगत नाही. समोरच्याचा अविश्वास बऱ्याचदा आपल्या वागण्यातून आलेला नसतो, तो आपल्या आधीच तिथे बसलेला असतो.

मग मी कपाटच उघडलं. कागदाची बिलं, विजेची बिलं, बँकेचं पासबुक, सगळ्या फाइली त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, "काका, तुम्हीच ताडून बघा. मी मध्ये बोलणार नाही."

त्यांनी बिलं वाचली नाहीत. ते सरळ गोदामात गेले, डुप्लेक्स बोर्डाचं, म्हणजे खोक्यांच्या जाड कागदाचं, एक पाकीट खांद्यावर टाकून आणलं आणि वजनकाट्यावर ठेवलं. 23 बाय 36 इंचांचा कागद, 300 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम), शंभर शीटचं पाकीट. हिशेबाने 16 किलो भरायला हवं, हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. काटा 15 किलो 400 ग्रॅमवर थांबला. दुसरं पाकीट आणलं, तेही तितकंच. बोर्ड किलोवर विकला जातो. बिल 16 च्या हिशेबाने लागलेलं, आणि माल 288 जीएसएमच्या आसपासचा. कागदवाल्याशी काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही, पण तो फरक त्याने पुढच्या बिलात वळता करून दिला. त्या संध्याकाळी काकांनी भिंतीवरच्या कागदावर पेनने एक आकडा खोडून बाजूला आपला लिहिला. तो कागद त्यानंतर लोक वाचू लागले.

मला यातून एवढंच उमगलं की मालकाने दाखवलेलं माणसं मानत नाहीत, स्वतः तपासलेलं मानतात. त्यानंतर मी जे केलं ते याच एका कसोटीवर: हे कामगाराला मला न विचारता पाहता येतं का?

पीएफचंच घ्या. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो, म्हणून कित्येक गाळ्यांत हजेरीपटावर एकोणीसच नावं असतात आणि बाकीचे ‘कंत्राटी’. आम्ही वीसच्या आत होतो, तरी स्वेच्छेने नोंदणी करता येते, ती केली. लोक खूश होतील म्हणता? हातात येणारा पगार बारा टक्क्यांनी कमी झाला आणि गाळ्यात सुतकी चेहरे. पुढे कुणीतरी सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडलं आणि गोंधळ उडाला: आपले बारा टक्के दिसतात, मालकाचे चारसुद्धा दिसत नाहीत! मालकाच्या बारातले 8.33 टक्के पेन्शनच्या खात्यात जातात आणि 3.67 पीएफमध्ये दिसतात, हे मी सांगितलं असतं तर पुन्हा ‘दुसरी वही’ झाली असती. पेस्टिंगवरच्या मुलीने पासबुकातला पेन्शनचा वेगळा रकाना शोधून काढला आणि बेरीज करून सगळ्यांना दाखवली. मला तोंड उघडावं लागलं नाही.

दंड बंद करणं सर्वात जड गेलं, कारण त्याला अण्णांचाच विरोध होता. खराब छपाईचे पैसे मशीनमनच्या पगारातून कापायची जुनी पद्धत. नुकसानीपोटी कापायला कायदा मुभा देतो, पण आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि ते कुठे कोण ऐकतं? परिणाम असा की चूक झाली की खराब शीट गठ्ठ्याच्या मधोमध जायची आणि औषध कंपनीच्या तपासणीत बाहेर यायची. दंड गेल्यावर काही महिने वेस्टेज वाढलेलं दिसलं. अण्णा म्हणाले, "बघ, डोक्यावर बसले." खरं तर वाढलं नव्हतं, आधी लपलेलं आता वेस्टेजच्या पेटीत पडत होतं.

मग एका रात्रपाळीला मशीनवरच्या मुलाचा फोन. "वहिनी, मशीन थांबवलंय. पॉइंट पाचमधला पॉइंट उडालाय." गोळीच्या खोक्यावर 0.5 एमजीचं 05 एमजी छापलं जात होतं, छपाईच्या प्लेटवरचा बारीक ठिपका झिजला होता. कुठपासून, ते त्याने मागे जाऊन शीट शीट पाहून शोधलं आणि तेवढा गठ्ठा दोरी बांधून बाजूला काढला. नवी प्लेट, वाया गेलेला बोर्ड, सकाळची डिलिव्हरी दुपारवर. औषधाच्या डोसमधली चूक दुकानापर्यंत गेली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको. कंपनीला मी स्वतः कळवलं. त्यांनी ओके शीटशी, म्हणजे मंजूर नमुन्याशी, ताडून तपासणी दर तासाला करायला लावली आणि काम चालू ठेवलं.

कारखान्याबाहेरचा विश्वास मात्र मला एवढ्या सरळपणे जमला नाही. एक मोठी पार्टी चार-चार महिने पैसे अडकवायची. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, आहे, त्यामुळे लेखी करार असला तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसला तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही असं आहे की मुदतीत न दिलेले पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाहीत. त्यावर त्या पार्टीच्या माणसाचं उत्तर: "मॅडम, उद्यम रद्द करा ना, दोघांनाही सोपं." तक्रार करावी तर काम जाणार, न करावी तर सात तारीख जाणार. मी तो हिशेब गाळ्यात सगळ्यांसमोर मांडला. ठरलं ते असं, की आधीचं बिल चुकतं झाल्याशिवाय पुढची प्लेट काढायची नाही. पार्टीने निम्मं काम दुसरीकडे नेलं. ओव्हरटाइम घटला, एक चांगला मशीनमन वसईला जास्त पगारावर गेला. उरलेल्यांनी त्या महिन्यांत कुरकुर केली, पण ‘वहिनीने काम घालवलं’ असं कुणी म्हटलं नाही. निर्णय त्यांचाही होता.

असल्या गोष्टींसाठी परदेशातली पुस्तकं धुंडाळावी लागत नाहीत. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्याच लिज्जतमध्ये आजही नफा-तोटा दोन्ही बहिणींचाच. डबेवाल्यांच्या अचूकतेवर व्याख्यानं होतात, मला त्यांच्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की माणूस कमी पडला तर मुकादमही डबे उचलतो. दिवाळीआधीच्या गर्दीत मी पेस्टिंगला बसते ते यामुळेच. हात माझा सफाईदार नाही, पोरी हसतात.

सगळंच उघडं ठेवलं का? नाही. गेल्या वर्षी आमचा एक दर शेजारच्या गाळ्यात पोचला आणि गिऱ्हाइकाने तोच आमच्या तोंडावर टाकला. दीर म्हणाला, "तरी सांगत होतो." कुणी सांगितलं ते शोधायला मी बसले नाही. पण दोन गिऱ्हाइकांचे दर आता भिंतीवर नसतात, त्या कामांचा फक्त एकूण खर्च लावते, आणि तसं त्या कागदावर खाली लिहिलेलं आहे. काकांना ते पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, दर नसला तर निदान बिलाची फाइल तरी त्यांच्या टेबलावर असावी. यावर आमचा वाद अजून चालू आहे.