कर्जाच्या कागदावरून फुटलेले दोन पक्ष

मी फोर्टात एका ब्रोकरकडे सरकारी रोख्यांच्या सेटलमेंटचं काम करते. त्यामुळे अमेरिकेतल्या पहिल्या राजकीय पक्षांबद्दल वाचताना माझं लक्ष तत्त्वांच्या आधी कर्जाच्या कागदांवर जातं. माझ्या मते भांडण तिथेच पेटलं.

१७८७ च्या घटनेत पक्षांचं नावसुद्धा नाही. त्याच वर्षी गटबाजीला आवर कसा घालावा यावर घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने भलामोठा लेख लिहिला होता. पुढे विरोधी गट बांधला तो याच माणसाने.

जानेवारी १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने अहवाल मांडला: स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातलं कर्ज पूर्ण दर्शनी किमतीने फेडायचं, वर राज्यांची कर्जंही केंद्राने अंगावर घ्यायची. केंद्राचंच देणं सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर होतं. गोम अशी की, सैनिकांना पगाराच्या बदल्यात मिळालेले कागद बऱ्याच जणांनी पोटासाठी कधीच विकले होते, चार आण्यांच्या भावात, कुठे त्याहूनही कमी. अहवालाची कुणकुण लागताच सटोडियांची माणसं उरलेसुरले कागद गोळा करायला दक्षिणेत पळाली.

लालबागला आमच्या चाळीतल्या काकांनी मुलीच्या लग्नासाठी खोली विकली, आणि मग पुनर्विकास आला. घेणाऱ्याला टॉवरमध्ये फ्लॅट मिळाला. काकू अजून त्याच्या नावाने कडाकडा बोटं मोडतात.

मॅडिसन काकूंच्या बाजूने उभा राहिला असता. फेब्रुवारीत त्याने सुचवलं की, कागद आज ज्याच्या हातात आहे त्याला बाजारातला सर्वांत चढा भाव द्या आणि उरलेली रक्कम मूळ सैनिकाला. हा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात ३६ विरुद्ध १३ मतांनी आपटला. मला वाईट वाटतं, पण धंद्याचं बोलायचं तर हॅमिल्टन बरोबर होता. मागचा मालक कधीही येऊन हिस्सा मागणार असेल, तर असा कागद घेणार कोण?

राज्यांच्या कर्जाचा तिढा जूनमध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसनच्या घरी जेवणावर सुटला. राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची, बदल्यात मॅडिसनने राज्यांची कर्जं केंद्राने घेण्याला असलेला विरोध सैल करायचा. चक्क सौदा! पण १७९१ मध्ये हॅमिल्टनने राष्ट्रीय बँक काढली आणि पुन्हा ठिणगी पडली. घटनेत असा अधिकार कुठे आहे, असं जेफरसन-मॅडिसन विचारू लागले.

मग वर्तमानपत्रं. हॅमिल्टनची तळी उचलणाऱ्या फेनोच्या पत्राला सरकारी छपाईची कामं मिळत. जेफरसनने परराष्ट्र खात्यात वर्षाला २५० डॉलरवर फ्रेनो नावाचा कवी भाषांतरकार म्हणून नेमला. ऑक्टोबर १७९१ पासून हा गृहस्थ सरकारी पगार घेत सरकारवरच तोफा डागणारं पत्र चालवत होता. इतका उघड कारभार आपल्याकडेही कुणाला जमायचा नाही.

पुढे फ्रेंच राज्यक्रांती आणि ब्रिटनशी झालेला ‘जे करार’ यांनी हॅमिल्टनचे फेडरलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसनचे रिपब्लिकन अशा दोन फळ्या पक्क्या केल्या. (हे रिपब्लिकन म्हणजे आजचा पक्ष नव्हे, तो १८५४ चा.) १७९६ मध्ये फेडरलिस्ट अॅडम्स जेफरसनविरुद्ध ७१ विरुद्ध ६८ निर्वाचक मतांनी जेमतेम निवडून आला, आणि १८०१ मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला.

१८०३ मध्ये लुइझियाना विकत घ्यायची वेळ आली. दीड कोटी डॉलरचा व्यवहार. त्यातले १ कोटी साडेबारा लाख जेफरसनच्या सरकारने कसे उभे केले? सहा टक्क्यांचे रोखे काढून.