जानेवारीचे बिल

आज, ऑगस्टमधल्या रविवारी, उपासनेला निघताना आईने माझे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कपाटातून काढले आणि त्यातून जानेवारीचे वीजबिल खाली पडले. लेवीय पुस्तकाच्या १३व्या अध्यायात, कुष्ठाच्या लक्षणांपाशी, मी ते खूण म्हणून ठेवले होते. शास्त्र वाचून काढण्याचा नव्या वर्षाचा संकल्प तेथेच थांबला होता. (त्या अध्यायापाशी अडखळणारा मी एकटाच नसावा.)

आईने बिल उलटसुलट पाहिले आणि ती एवढेच म्हणाली, "हे मात्र मुदतीआधी भरलं होतंस, बाळा."

उपासनाभर मला बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातील रोमी सुभेदार फेलिक्स आठवत राहिला. नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि येणारा न्याय यांविषयी त्याच्या कैदेतला प्रेषित पौल बोलू लागताच तो भयभीत झाला. तरीही त्याने नकार दिला नाही, सवड मिळाली की बोलावीन, असे सांगून पौलाला केवळ परत पाठवले. पुढे त्याने त्याला अनेकदा बोलावले, तेही लाचेच्या आशेने, आणि अशी दोन वर्षे गेली. मला अस्वस्थ करते ती त्याची सभ्यता, कारण "पुढच्या महिन्यापासून नक्की" हे माझे उत्तरही तितकेच सभ्य असते.

संध्याकाळी तो अध्याय वाचून संपवला. बिल आता १४व्यात आहे. तुमची खूण कोणत्या पानावर आहे?