फुटलेलं पित्ताशय आणि के८२.ए२
कोडिंगसाठी (आजाराला ठरलेला कोड देण्यासाठी) आलेल्या आजच्या चार्टमध्ये ऑपरेशन नोट स्वच्छ होती: पित्ताशयाला तीव्र सूज, फंडसला (पित्ताशयाच्या टोकाला) छिद्र, भोवती पू, आत खडे. तरी कोड पडला होता के८२.२, म्हणजे नुसतं पित्ताशयाचं छिद्र. चुकलंच! सुजेमुळे फुटलेल्या पित्ताशयाला अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडयादीत ऑक्टोबर २०१८ पासून वेगळा कोड आहे, के८२.ए२. पण तो पहिला कधीच येत नाही. आधी मूळ आजार: खड्यांसह तीव्र सूज, अडथळा नसेल तर के८०.००, असेल तर के८०.०१, खडेच नसतील तर के८१.०.

पित्ताशय सोडवताना फाटून पित्त सांडलं, तर ते हे छिद्र नव्हे. नोटमध्ये नुसतं ‘स्पिलेज’ (सांडणं) लिहिलेलं असेल तर कृपया अंदाज बांधू नका. सर्जनला क्वेरी टाका: छिद्र आधीच होतं, की काढताना पडलं?