पुस्तक हातात असलं की

दुपारी प्रार्थनेला बसायचं म्हणून उठले आणि कपाटापुढेच अडकले. आविलाची तेरेसा, ती स्पेनची संत, तिचं पुस्तक घ्यावं तर त्यातल्या आत्म्याच्या किल्ल्यात सात दालनं, आणि वाचताना दर वेळी आपण पहिल्याच्या उंबऱ्यावर आहोत असं वाटत राहतं. क्रूसाचा संत योहान घ्यावा तर त्याच्या पुस्तकातल्या एवढ्या अंधाऱ्या रात्रीत शिरायचा आज मूड नाही. संत फ्रान्सिस द सेल्स आपला वाटतो, १६०९ मध्ये संसारी लोकांसाठीच त्याने पुस्तक लिहिलं, पण त्याचं चार पानं वाचलं की लगेच स्वतःत काहीतरी दुरुस्त करायला घ्यावं लागतं आणि मला तर नुसतं गप्प बसायचं होतं.

हे निवडणं पण गोड असतं हां. प्रार्थना केल्यासारखं वाटतं आणि प्रार्थना करावी लागत नाही.

आजीकडे असली भानगड नव्हती. तिचं एकच पुस्तक, थॉमस अ केम्पिसचं, ख्रिस्ताच्या अनुकरणावरचं, पाठीचा पुठ्ठा निघालेला. कुठेतरी उघडायची, चार-पाच ओळी वाचायची, मग पुस्तक मिटून बोट आतच ठेवायची आणि डोळे बंद. मी शेजारी बसून वाट बघायचे की आता पान उलटेल, मग उलटेल. ते काही उलटायचं नाही. मला वाटायचं आजी झोपली. झोपली असेलही, लिझ्यूची तेरेज, ही दुसरी, फ्रान्सची संत, तर कॉन्व्हेंटमध्ये ध्यानाच्या वेळी डुलक्या घ्यायची आणि तिने ते सरळ लिहूनही ठेवलंय, तिला तर चर्चने डॉक्टर, म्हणजे साऱ्या चर्चची गुरू, केलं.

माझं एक खूळ आहे, असल्या पुस्तकाला पेन्सिल लावायची नाही. पेन्सिल आली की प्रार्थना संपली, मग वेचावेची सुरू, कुठली ओळ कुणाला पाठवू. आणि प्रार्थना कशी करावी हे टप्प्याटप्प्याने शिकवणारी पुस्तकं पण मी हल्ली लांबच ठेवते, ती वाचताना सगळं लक्ष आपण कुठल्या टप्प्यावर आहोत याच्यावरच. जे पुस्तक दुसऱ्या पानावर थांबवतं ते माझं. आविलाच्या तेरेसाने लिहिलंय की कित्येक वर्षं, कम्युनियननंतरची, म्हणजे मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरची, वेळ सोडली तर, पुस्तक जवळ नसताना प्रार्थनेला बसायची तिची हिंमतच व्हायची नाही, आणि बरेचदा पुस्तक नुसतं उघडलं तरी पुरायचं. म्हणजे एवढी मोठी संत, तिलाही आधाराला काहीतरी हातात लागायचंच! पुढे १५५९ मध्ये स्पेनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, लोकभाषेतली बरीच आध्यात्मिक पुस्तकं बंद केली तेव्हा तिला फार लागलं ते. त्यावर प्रभू तिला म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस, मी तुला जिवंत पुस्तक देईन. हे वाचलं की मला पुढे वाचवत नाही.

आणि गंमत म्हणजे तिला ज्याने मुळात वाट दाखवली ते ओसुना नावाच्या लेखकाचं प्रार्थनेवरचं पुस्तक तिने शोधलेलंच नव्हतं, काकांनी हातात दिलं होतं. येशूसंघ हा धर्मसंघ काढणाऱ्या संत इग्नेशियसचं तर त्याहून भारी, १५२१ मध्ये तोफगोळ्याने पाय मोडून पडलेला, वाचायला मागितल्या शूर सरदारांच्या कादंबऱ्या, घरात त्या निघाल्याच नाहीत म्हणून ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी मिळाल्या. हवं ते मिळालं असतं तर येशूसंघ कुठला आणि काय.

संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमात तर ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येक मठवासीयाला एकेक पुस्तक दिलं जायचं आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने वाचायचं. वर एक-दोन वडीलधारे फेरी मारून बघायचे, कुणी वाचायचं सोडून गप्पा तर मारत नाही ना. मला हे फार आवडतं, कुणीतरी यावं, हातात एक पुस्तक द्यावं आणि म्हणावं, हे घे आणि गप वाच. फक्त एवढंच की शेजारणीला कुठलं मिळालंय हे मी आधी वाकून बघणार.