कॉटनवूड, बिग बेंड : हूकअप आणि जनरेटरविना नदीकाठी

टेक्सासच्या बिग बेंड नॅशनल पार्कमध्ये कॅस्टोलॉनजवळ, रिओ ग्रांदेच्या काठाला कॉटनवूड हे छोटं कॅम्पग्राउंड आहे. वीस-बावीस जागा, कोरडे संडास, पिण्याच्या पाण्याचे नळ, टेबलं आणि कोळशाच्या शेगड्या, बस्स. हूकअप (ट्रेलरला वीज-पाणी जोडायची सोय) नाही, डम्प स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) नाही आणि जनरेटर लावायला पूर्ण बंदी. या बंदीमुळेच इथे रात्री घुबडाचा घूत्कार स्वच्छ ऐकू येतो, आणि तेवढ्यासाठी ही जागा आम्हाला पार्कातल्या बाकी कॅम्पग्राउंडपेक्षा जास्त आवडते. मात्र ट्रेलर किंवा आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन येणाऱ्यांनी विजेचा हिशेब घरूनच मांडून निघावं.

ह्यूस्टनहून जवळजवळ दिवसभराचं ड्रायव्हिंग आहे. किराणा आणि प्रोपेन अल्पाइनला घ्या, पेट्रोल स्टडी ब्यूटला पुन्हा फुल करा. पश्चिमेच्या गेटमधून शिरल्यावर ओल्ड मॅव्हरिक रोड जवळचा वाटतो, पण तो कच्चा आहे. ट्रेलर असेल तर रॉस मॅक्सवेल ड्राइव्हच्या डांबरी रस्त्यानेच या. फोनला रेंज मिळेल असं धरू नका. बुकिंग आणि नकाशे आधीच उतरवून ठेवा.

जानेवारीत दुपारी ऊबदार असतं, पहाटे पारा शून्याजवळ येतो. बॅटरी खरी खाते ती फर्नेस, म्हणजे ट्रेलरचा हीटर. जळतो प्रोपेन, पण पंख्याला ७-८ अँपिअर लागतात. रात्रीत तो पाच तास फिरला तर ३५ ते ४० अँपिअर-तास (बॅटरीतल्या साठ्याचं माप) गेले. गॅस अलार्म आणि फ्रिजचं सर्किट मिळून दिवसाला १५-२०, दिवे, पंप आणि फोन आणखी १०-१५. म्हणजे रोजचे ६० ते ७५. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, त्यामुळे १०० अँपिअर-तासांची एकच बॅटरी पहिल्याच पहाटे मान टाकते. अशा दोन तरी हव्यात, किंवा १०० ची एक लिथियम. लिथियम शून्याखाली चार्ज होत नाही, तेव्हा ती ट्रेलरच्या आत असलेली बरी. लेड-ॲसिडचा व्होल्टेज सकाळी सगळं बंद करून, थोडं थांबून मोजा : १२.२ म्हणजे निम्मी संपली.

२०० वॉटचं सोलर पॅनेल हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ५० ते ६० अँपिअर-तास परत देतं. छतावरच्या पॅनेलवर झाडाची सावली पडते, आणि एका कोपऱ्यावर जरी पडली तरी उत्पादन भलतंच घसरतं. म्हणून लांब, जाड केबलचं सुटं पॅनेल आणा आणि उन्हाबरोबर सरकवत राहा. वायर बारीक असेल तर व्होल्टेज वाटेतच पडतो.

इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेचा कुकर, घरी ठेवा. हजार वॉट म्हणजे १२ व्होल्टवर नव्वदेक अँपिअर. प्रोपेनच्या शेगडीवर शिट्टीचा कुकर, आणि डाळ-तांदूळ आधी तासभर भिजवलेले. गॅसही कमी लागतो.

बॅटरी नीट सांभाळली तर मुक्काम किती लांबेल हे सांडपाण्याची टाकी ठरवते. पिण्याचं पाणी संपण्याआधी ती भरते, आणि सांडपाणी जमिनीवर सोडायला मनाई आहे. फोडणीची कढई धुण्याआधी पेपर टॉवेलने पुसा, नाहीतर तेल-हळदीचा थर टाकीतल्या सेन्सरवर बसून ती कायम भरलेली दाखवते. चहाचा चोथा सिंकमध्ये नको, कचऱ्याच्या पिशवीत. भांडी टबमध्ये धुवा आणि तेच पाणी फ्लशला वापरा. दिवसा कॅम्पग्राउंडचाच संडास वापरला तर काळी टाकी, म्हणजे ट्रेलरमधल्या संडासाची टाकीही पुरते. ताज्या पाण्याची टाकी पार्कात शिरण्याआधी भरून घ्या. इथे वीस लिटरचा कॅन भरून आणायचा आणि फनेलने ओतायचा, म्हणजे प्रत्येक खेपेला वीस किलो उचलणं आलं.

हावेलीना, म्हणजे रानडुकरासारखे दिसणारे प्राणी, जागेवर बिनधास्त फिरतात. कूलर आणि कचरा गाडीत बंद ठेवा. कॉटनवूड झाडांच्या वाळक्या फांद्या वाऱ्यात तुटतात. ऑनिंग (ट्रेलरच्या बाजूचं कापडी छप्पर) रात्री गुंडाळा आणि मोठ्या फांदीखाली ट्रेलर लावू नका. सांता एलेना कॅन्यन इथून जवळ आहे, पण पावसानंतर टर्लिंग्वा क्रीकचा चिखल ओलांडता येत नाही.

परतताना पूर्वेकडे रिओ ग्रांदे व्हिलेजला वळा. साधारण दीड तास लागतो, पण तिथे डम्प स्टेशन आहे, आणि टाक्या रिकाम्या करून ट्रेलर हलका झाला की मॅरेथॉनमार्गे बाहेर पडता येतं.