यलोस्टोन, दुसरा दिवस

रात्रीचे साडेदहा झालेत, अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या वेशीवर, वेस्ट यलोस्टोन गावातल्या मोटेलमध्ये. आई आत्ताच झोपली. कपड्यांना अजून गंधकाचा वास येतोय, पाय भरून आलेत, पण आजचं आज लिहिलं नाही तर नुसते फोटो उरतील म्हणून बसलेय.

सकाळी निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फाची पापडी होती, जून महिन्यात! आईने साडीवर स्वेटर, त्यावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट असा जामानिमा केलेला. ती दापोलीजवळच्या गावात वाढली, उन्हवऱ्याचं गरम पाण्याचं कुंड तिच्या माहेरच्या वाटेवर, त्यामुळे गरम झरे तिला नवीन नाहीत. नवीन होता तो गीझर हा शब्द, तिच्यासाठी गीझर म्हणजे बाथरूममधला. जमिनीखाली पाणी तापतं, वर यायची वाट अरुंद असते, वरच्या पाण्याच्या वजनामुळे खालचं पाणी शंभराच्या पुढे तापूनही उकळत नाही, मग वरचं थोडं सांडलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उसळतं, असं मी गाडीत सांगत होते. जगातले निम्म्याहून जास्त गीझर या एका पार्कात आहेत. आई म्हणाली, "मग इथे देऊळ कसं नाही?"

पहिला थांबा ग्रँड प्रिझमॅटिक. थंडीमुळे आधी नुसती वाफ, काहीच दिसेना, आणि ती वाफ निळी-केशरी दिसत होती, खालच्या पाण्याचे रंग तिच्यावर उमटलेले. मग वारा आला आणि दिसलं. शंभर मीटरपेक्षाही रुंद झरा, मध्ये गर्द निळा, कडेला हिरवट, पिवळा, केशरी, मग विटकरी. आईला वाटलं गंधकाने रंग आलाय. मी सांगितलं की हे जिवंत आहे, हे सूक्ष्मजीवांचे थर आहेत, मध्ये पाणी इतकं कढत की तिथे हे थर तग धरत नाहीत म्हणून निळं, आणि कडेकडेला जसं निवत जातं तसे वेगवेगळे जीव, वेगवेगळे रंग. ती लाकडी फळ्यांच्या वाटेवर चक्क खाली बसली आणि फळीच्या कडेचा तो केशरी साकळलेला थर बघत राहिली. बुळबुळीत, सुरकुत्या पडलेला, अगदी दुधावरच्या सायीसारखा. वरून बोटभर पाणी वाहतंय. हात लावायचा नाही हे तिला दोनदा सांगावं लागलं, कारण उन्हवऱ्याला आपण त्याच पाण्याने अंघोळ करतो. इथे फळ्यांच्या बाहेर जमीन पापुद्र्यासारखी पातळ आहे, खाली कढतं पाणी, आजवर वीसहून जास्त माणसं भाजून गेलीत.

तिथेच मी तिला ती गोष्ट सांगितली, जी मला किती दिवस सांगायची होती. 1966 मध्ये थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला याच भागातल्या मशरूम पूल नावाच्या झऱ्यात एक जिवाणू सापडला, थर्मस अ‍ॅक्वाटिकस. एवढ्या गरम पाण्यात कोणी जगत असेल असं तेव्हा फारसं कोणाला वाटत नव्हतं. पुढे त्याच्यातलं एक एन्झाइम पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या तंत्रासाठी, वापरायला लागले, कारण त्यात नमुना परत परत नव्वदच्या वर तापवावा लागतो आणि साधी एन्झाइम त्या उष्णतेत निकामी होतात, हे टिकतं. कोरोनात नाकात काडी घालून टेस्ट करायचे ना, आरटीपीसीआर, ती यातूनच आली.

आई काही बोलली नाही. मे 2021 मध्ये बाबांची टेस्ट झाली तेव्हा मी इकडे सॉल्ट लेक शहरात होते, रिपोर्ट येईपर्यंत दोन रात्री फोन हातात धरून बसलेले. पॉझिटिव्ह आला, त्याच दुपारी चुलतभावाने धावपळ करून ऑक्सिजनचा बेड मिळवला. दोन दिवस उशीर झाला असता तर, हे आम्ही घरात कधी बोलत नाही.

ओल्ड फेथफुल या गीझरसमोर बाकावर सव्वा तास बसलो. आधीचा फवारा किती मिनिटं चालला त्यावरून पुढची वेळ काढतात, आणि दिलेल्या वेळेच्या तीन मिनिटं आधीच उडाला. फोटोत जे कधीच कळत नाही ते म्हणजे आवाज, पाणी खाली पडतानाचा, पहिल्या पावसात पत्र्यावर येतो तसा. आईने हात जोडले. शेजारच्या दोन-तीन माणसांनी टोप्या काढल्या होत्या, त्यांचं कारण वेगळं असेलही, पण मला बरं वाटलं.

मग मॉर्निंग ग्लोरीपर्यंत चालत गेलो, सव्वादोन किलोमीटर. आईने कमरेच्या बटव्यातून एक रुपया काढला. घरून आणलेला, बाबांनी दिलेला, म्हणाले होते गरम कुंड आहे तर माझ्या नावाने टाक. माझ्या पोटात गोळा आला. कारण हा झरा पूर्वी पूर्ण निळा होता, लोकांनी नाणी, कचरा, काय काय टाकून खालची तोंडं बुजवली, पाणी निवलं आणि कडेचा पिवळा-केशरी आत सरकला. 1950 मध्ये पाण्याची पातळी उतरवून त्याला मुद्दाम उसळायला लावलं तेव्हा आतून ढीगभर नाणी आणि रुमाल निघाले. हे तिला कसं सांगू असं झालं, पण सांगितलं. तिने कडेचा पिवळा पट्टा बघितला, मग रुपया परत बटव्यात टाकला आणि बटव्याची नाडी ओढली.

संध्याकाळी हेडन व्हॅलीत गाड्या अडकल्या. बायसनचा कळप रस्त्यातून चाललेला, पुढे म्हाताऱ्या माद्या, मध्ये तांबूस पिल्लं. आपल्याकडे गव्यालाच बायसन म्हणतात, पण हे वेगळे, पुढून डोंगर आणि मागून बारीक. थंडीतली लोकर अंगावरून गोधडीच्या चिंध्यांसारखी लोंबत होती. 1902 मध्ये इथे जेमतेम दोन डझन उरले होते, आज हजारो आहेत. 23 मीटरच्या आत जायचं नाही असा नियम आहे, पण एक मादी आपणहून गाडीला लागून गेली, तिचं नाक आणि आईचं तोंड यात फक्त काच. पिल्लू ढुशा देत होतं. आई हळूच म्हणाली, "पान्हा सुटलाय तिला, थांबू दे, हॉर्न नको वाजवू." कोणीच वाजवला नाही.

साडेनऊला बाबांना फोन लावला, तिकडे सकाळचे नऊ, पेरणीच्या गडबडीत होते. आईने गव्याचं सांगितलं, थंडीचं सांगितलं, मग म्हणाली, "अहो, तुमचा रुपया नाही टाकला. इथलं पाणी जिवंत आहे. तुमच्या टेस्टचं औषध या पाण्यातलंच, हिने दाखवलं मला."

औषध नाही, एन्झाइम. मी काही दुरुस्त केलं नाही. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, रुपया जपून परत आण.

उद्या चारला उठायचंय, पार्कातल्या लामार खोऱ्यात लांडगे दिसतात का बघायला.